एक रुपयाची बासरी

3,996 रुपये गेले. एवढ्याशा रकमेसाठी लिहितेय म्हणून हसाल, तर हसा. घराचा सगळा हिशेब मी ठेवते, आलेल्या लिंका कधी उघडत नाही. तरीही.

घरून काम करते. समोर बांधकाम, दिवसभर ड्रिलचा आवाज. त्यात जाहिरात दिसली: स्वयंपाक, काम, झोप, ज्या त्या वेळेला साजेसं संगीत अ‍ॅपच तयार करतं, एआयने, दर वेळी नवं. तीन दिवस फक्त 1 रुपया.

पिनच्या स्क्रीनवर 'ऑटोपे' लिहिलं होतं, खाली '1,999 पर्यंत'. मी ते वाचलं होतं! वाचूनही पिन टाकला, कारण कुकरची तिसरी शिट्टी होत होती. रुपयासाठी 1,999 ची परवानगी कशाला लागते, एवढं विचारायला काय झालं होतं मला?

आणि सासूबाई दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "अगं, ही बासरी परत परत तीच वाजतेय." मी म्हटलं, आई, ते एआय असतं, तुम्हाला नाही कळायचं. साडेचार मिनिटांचा एकच तुकडा होता तो.

तिसऱ्या दिवशी अ‍ॅप काढून टाकलं. अ‍ॅप काढलं तरी मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची आपण दिलेली परवानगी, जिवंत राहतं, हे डोक्यात ठेवा. दर सोमवारी 799, पाच वेळा. 15,000 च्या आत पिन परत विचारतही नाहीत. आदल्या दिवशी सूचना येते म्हणे; आली असेल, लोनच्या मेसेजांच्या ढिगात.

बँक म्हणाली, "मॅडम, पिन तुम्हीच टाकलात ना? मग फ्रॉड कसा?" 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवाल्यांनी तक्रार क्रमांक देऊन पोलीस ठाण्यात पाठवलं. ठाण्यात विचारलं, "किती गेले?" आकडा ऐकून साहेब शेजारच्याकडे बघून हसले. "इथे चाळीस-चाळीस लाखांवाले बसलेत, ताई." म्हणजे चार हजारांची चोरी ही चोरी नाही? माझ्यासारख्या हजार जणी गप्प बसतात, त्यावरच तर यांचं दुकान चालतं! 'सबस्क्रिप्शनचा सापळा' सरकारने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या, यादीत नावानिशी घातलाय. 1915 या ग्राहक हेल्पलाइनला हेच सांगितलं. तीन आठवडे झाले, तक्रार 'प्रक्रियेत' आहे.

तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेचं पान असतं. आत्ता उघडा, मँडेट तिथूनच रद्द करा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मला तिथे दोन सापडली. दुसरं कसलं होतं, ते घरात अजून सांगितलेलं नाही.