‘सचेत’ आणि ‘दामिनी’: सोलापूरकराने ही ॲप कशी वापरावीत?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या महापुराने माढा आणि मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंतच्या नदीकाठाचे होत्याचे नव्हते केले. लांबोटीजवळ पाणी आल्याने सोलापूर-पुणे महामार्गही बंद ठेवावा लागला. आपत्ती म्हटले की दुष्काळच डोळ्यांपुढे येणाऱ्या आपल्या जिल्ह्याला पुराची पूर्वसूचना किती मोलाची असते, हे तेव्हा कळले. त्या दृष्टीने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे, विजांचा इशारा देणारे ‘दामिनी’ या दोन मोफत ॲपविषयी वापरानंतरचे मत मांडतो.

‘दामिनी’चे काम एकच आणि ते चोख आहे. आपल्या ठिकाणाभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळे दिसतात आणि गेल्या काही मिनिटांत कुठे विजा पडल्या, ते वेगवेगळ्या रंगांत कळते. वळवाचे ढग जमले की रानातली माणसे सवयीने लिंबाच्या झाडाकडे धावतात आणि तिथेच घात होतो. आमच्या शेजारच्या रानात एका मुलीने मोबाइल पुढे धरून, “मावशी, झाडाखाली थांबू नका, वस्तीवर चला,” असे बजावले आणि खुरपणाऱ्या सगळ्या बायका उठल्या. ॲपकडून याहून अधिक काय हवे? लोकेशनची परवानगी मात्र कायम चालू ठेवावी, नाहीतर इशारा मिळणार नाही.

‘सचेत’चा आवाका मोठा आहे. हवामान, पूर, उष्णतेची लाट अशा विषयांवरचे वेगवेगळ्या सरकारी यंत्रणांचे इशारे त्यात एका ठिकाणी मिळतात, मराठीत वाचता येतात आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकताही येतात. सोलापूरकरांसाठी यातली सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे दुसऱ्या जिल्ह्याचे इशारे मागवण्याची. आपल्याकडचा पूर बहुतेक वेळा आपल्याकडे पडलेल्या पावसाचा नसतो. सीना अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावते आणि बीड, धाराशिवच्या सीमेवरून आपल्याकडे येते. भीमेचे पाणी पुणे जिल्ह्यातल्या धरणांतून दौंडमार्गे उजनी धरणात उतरते. आणि नीरा तर उजनीच्या खाली, नरसिंहपूरला भीमेला मिळत असल्याने उजनीचे दरवाजे बंद असले तरी वीर धरणातून सोडलेले पाणी पंढरपूरच्या घाटांवर चढू शकते. म्हणून ॲपमध्ये केवळ सोलापूर ठेवून भागणार नाही. अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि पुणे हे चारही जिल्हे जोडून घ्यावेत. इथे लख्ख ऊन पडलेले असताना वरच्या अंगाला अतिवृष्टीचा इशारा आला, तर नदीकाठची मोटार काढून घ्यायला आणि जनावरे हलवायला वेळ मिळतो.

दोन्ही ॲपची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. त्यांना स्मार्टफोन, रेंज आणि चार्जिंग लागते आणि पुरात सर्वांत आधी वीज जाते. २०२३ मध्ये देशभर चाचणी झालेली, मोठ्या आवाजात थेट मोबाइलवर येणारी सूचना या बाबतीत सरस आहे, कारण तिला ॲप लागत नाही. तरीही खरी अडचण पुढचीच आहे. अमुक हजार क्युसेक विसर्ग सोडला, एवढे कळून शेतकऱ्याला काही उमगत नाही. त्या विसर्गाला आपल्या गावातला कोणता ओढा फुगेल, कोणता पूल पाण्याखाली जाईल आणि कोणत्या वस्तीची वाट तुटेल, हे त्याला हवे असते आणि ते दिल्लीत बसून कोणी सांगू शकत नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण नेमले आणि जिल्ह्याचा आराखडा बंधनकारक केला. त्या आराखड्याला नदीकाठच्या प्रत्येक गावाचा एक तक्ता जोडावा: एवढ्या विसर्गाला पाणी इथवर येते, तेव्हा ही घरे आधी हलवायची, कोतवालाने इथून दवंडी द्यायची, देवळाच्या भोंग्याची बॅटरी अमक्याने भरून ठेवायची. यासाठी ग्रामपंचायतीला वेगळा निधी मिळायला हवा, कारण इशाऱ्याचा हा शेवटचा टप्पा अजूनही पोलीस पाटलाच्या धावपळीवर सोडलेला आहे. गेल्या पुराच्या खुणा घरांच्या भिंतींवर अजून दिसतात. त्या रंगाखाली जाण्याआधी, मृग निघण्यापूर्वी, गावोगावी मोजून घ्याव्यात.