ऑनलाइन एम.बी.ए.: तिसऱ्या सत्रापर्यंतचा अनुभव, आणि फी वसूल होते का

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. शिफ्ट बदलत्या असल्याने रोज कॉलेज गाठणं शक्यच नव्हतं, म्हणून एका खासगी विद्यापीठाच्या ऑनलाइन एम.बी.ए.ला प्रवेश घेतला. फी दीड लाखाच्या वर, हप्त्यांनी. आता तिसरं सत्र चालू आहे. "ताई, घेऊ का?" असं लाइनवरच्या मुली सारखं विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

डिग्री चालते. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाईल, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. फक्त आपल्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, ते यूजीसीच्या डीईबीच्या, म्हणजे दूरशिक्षण विभागाच्या, साइटवर स्वतः तपासा. प्रवेश घ्या म्हणून फोन करणारा बऱ्याचदा विद्यापीठाचा नसतोच. तो मधल्या कंपनीचा असतो आणि त्याच्या डोक्यावर प्रवेशाचं टार्गेट असतं.

शिकवणं मात्र विषयागणिक बदलतं. अकाउंटिंगचे सर उत्तम. कॅश फ्लो स्टेटमेंट, म्हणजे पैसा आला-गेल्याचा हिशेब, त्यांनी एका छोट्या दुकानाच्या वहीवरून असं उलगडलं की आमच्या कंपनीचा ताळेबंद मी पहिल्यांदा समजून वाचला. त्यांची रेकॉर्डिंग रात्रपाळीनंतरही बघावीशी वाटतात. ऑपरेशन्सच्या विषयात याच्या उलट. कंट्रोल लिमिटच्या आत असलेली प्रोसेस स्पेसिफिकेशनच्या बाहेर माल का देते, हे माझं रोजचं दुखणं. कंट्रोल लिमिट प्रोसेसच्या स्वतःच्या चढउतारातून निघते, स्पेसिफिकेशन ग्राहक ठरवतो. पण मग प्रोसेस सुधारायला हात कुठे घालायचा, असं मी ॲपवर विचारलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, "युनिट चार वाचा." युनिट चारमध्ये फक्त व्याख्या आहेत. तेच फीचा हप्ता दोन दिवस लांबला, तर सकाळ-संध्याकाळ फोन.

याचा मला खरंच राग येतो. पैसा जातो कुठे? अमेरिकेत उघडपणे नफ्यासाठी चालणाऱ्या ३० कॉलेज कंपन्यांची तिथल्या सिनेटच्या समितीने चौकशी केली. २०१२ च्या अहवालानुसार या कंपन्यांच्या उत्पन्नातला जवळपास २३ टक्के पैसा जाहिरात आणि विद्यार्थी गोळा करण्यावर गेला, १९ टक्क्यांच्या वर नफा झाला आणि शिकवण्यावर खर्च झाले १७ टक्के. अशाच नफ्यासाठी चालणाऱ्या युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्सने मोठ्या कंपन्यांशी नोकरीचे संबंध असल्याचा भास जाहिरातींतून निर्माण केला, असा तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप होता. तो वाद २०१९ मध्ये १९.१ कोटी डॉलरवर मिटला. आपल्याकडे शिक्षणात नफेखोरीला मुभा नाही. सुप्रीम कोर्टाने २००२ च्या टी.एम.ए. पै निकालात फक्त वाजवी शिल्लक मान्य केली. पण जाहिरात आणि प्रवेश बघणारी मधली कंपनी नफ्यासाठीच असते, आणि तिचा वाटाही आपल्याच फीतून जातो.

हप्त्यांचंही समजून घ्या. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज. ती संस्थेला पैसे आधीच देऊन मोकळी होते. कोर्स मध्येच सोडलात तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत. करारावर सही करायच्या आधी हे विचाराच.

परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर. सुरुवातीला लॅपटॉप फिरवून सगळी खोली दाखवावी लागते. आईला आत यायचं नाही म्हणून बजावलं होतं. वीज गेली तर काय, या धास्तीने शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर मागून आणला. बाकी ठीक.

आपल्या नाशिककरांना एक पर्याय दाराशी आहे. गोवर्धनचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांनाही शिकवतंय. आमच्या स्टोअरमधले एक काका तिथून शिकून सुपरवायझर झाले. पुस्तकं मराठीतून मिळाली, अभ्यासकेंद्र जवळ होतं आणि फी माझ्या फीच्या कितीतरी खाली. ॲपची चकचक नाही, अभ्यास बराचसा आपला आपण करायचा. पण युनिट चार मलाही आपलं आपणच वाचावं लागलं.

नुसत्या बढतीसाठी कागद हवा असेल, तर दीड लाख घालू नका. विशिष्ट विषय हवा असेल आणि शिकवणारे कोण हे नावानिशी कळलं असेल, तरच विचार करा. पैसे भरायच्या आधी मागच्या बॅचच्या एका लाइव्ह तासाचं पूर्ण रेकॉर्डिंग मागा, विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसकट. माझ्या मावसभावाने मागितलं होतं. रेकॉर्डिंग मिळालं नाही, फी कमी करून देतो म्हणून फोन मात्र येत राहिले. त्याने यंदा मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतला.