ड्रीम पॉपचे अल्बम: काही महिने सतत ऐकल्यावर

ड्रीम पॉपच्या, म्हणजे धूसर, घुमणाऱ्या सुरांच्या पॉप संगीताच्या, अल्बमबद्दल पहिल्या आठवड्यात झालेलं मत फारसं टिकत नाही. सुरुवातीला सगळंच सुंदर वाटतं. गिटारवर कोरस, डिले आणि रीव्हर्बचे थर (सूर जाड करणारे, त्याचे पडसाद उमटवणारे, तो घुमवणारे इफेक्ट), सगळे आवाज एकत्र जुळवताना, म्हणजे मिक्समध्ये, गाणाऱ्याचा आवाज मागे, शब्द अर्धेमुर्धे कळणारे. एवढं जमलं की रात्री हेडफोन लावून बसलेल्या कुणालाही भुरळ पडते. मलाही पडते. पण कोणता अल्बम आपल्याकडे राहणार आणि कोणता विरून जाणार, हे कळायला काही महिने जावे लागतात. गेल्या पावसाळ्यापासून मी काही अल्बम आलटून पालटून, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने ऐकते आहे. त्यातले काही अजून आठवड्यातून दोन-तीनदा लागतात, काही लावावेसेच वाटत नाहीत.

असं का झालं, याचं उत्तर मला बेस आणि ड्रममध्ये सापडलं. या संगीताची ओळख गिटारच्या धुक्यामुळे होते खरी, पण अल्बम किती दिवस पुरेल हे खालचा ठेका ठरवतो. विलंबित ख्यालात गायक वाटेल तिथे फिरून समेवर येऊ शकतो, कारण तबलजी ठेका धरून बसलेला असतो. इथेही तसंच आहे. खाली कुणीतरी लय घट्ट धरलेली असेल तर वरचं धुकं कितीही दाट असो, ऐकणारा हरवत नाही.

सगळ्यांत जास्त मुरला तो स्लोडाइव्हचा 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह'. इंग्लंडमधल्या रेडिंगचा हा बँड. १९९३ साली त्यांचा 'सूव्लाकी' आला, त्यातल्या दोन गाण्यांवर नामवंत संगीतकार-निर्माता ब्रायन इनोने त्यांच्याबरोबर काम केलं होतं. तरी त्या काळातल्या ब्रिटिश संगीत-पत्रकारांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली आणि १९९५ च्या 'पिग्मेलियन'नंतर क्रिएशन या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, त्यांना सोडून दिलं. २०१४ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, २०१७ मध्ये बँडच्याच नावाचा अल्बम काढला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये हा. यातल्या बऱ्याच गाण्यांची सुरुवात गायक-गिटारवादक नील हॉलस्टेडने घरी एकट्याने मॉड्युलर सिंथवर (सुटे भाग जोडून सूर घडवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर) केली होती, आणि ते ऐकताना जाणवतं. पहिलंच गाणं, 'शँटी', सिंथच्या गोल फिरणाऱ्या सुरावटीने उघडतं. काही वेळ तेवढंच चालू राहतं. मग सायमन स्कॉटचे ड्रम आणि निक चॅपलिनचा बेस आत येतात आणि तीच सुरावट जमिनीवर उभी राहते. माझ्या मते अख्खा अल्बम त्या एका क्षणात आहे. यंत्रावर एकट्याने सुरू केलेलं काहीतरी पाच जणांचं होतं.

हा अल्बम बँडची गायिका रेचल गॉसवेलच्या आईला आणि सायमन स्कॉटच्या वडिलांना अर्पण केलेला आहे. दोघंही २०२० मध्ये गेले. हे ठाऊक नसतानाही मला त्यात दुःख ऐकू येत होतं, पण रडगाणं कुठेच नाही. 'प्रेअर रिमेम्बर्ड'मध्ये एकही शब्द नाही आणि तरीही ते या अल्बममधलं सगळ्यांत बोलकं गाणं आहे. पहिले काही आठवडे मी 'किसेस'वरच अडकले होते. ते चटकन आवडतं, चाल लगेच ओठांवर येते, गाडी चालवताना लावायला उत्तम. आता मात्र मन 'चेन्ड टू अ क्लाउड'कडे ओढ घेतं. जवळपास सात मिनिटं ते गाणं एकाच सुरावटीवर फिरत राहतं, आणि दर खेपेला मी वेगळ्याच थराकडे कान लावते. कधी गॉसवेलच्या आवाजाकडे, कधी बेसकडे, कधी मागे लांबवर सोडून दिलेल्या गिटारकडे. शेवटचं 'द स्लॅब' जड आहे, ड्रम पुढे, आवाज जवळजवळ बुडालेला. ते छोट्या स्पीकरवर ऐकू नका, नुसता चिखल ऐकू येईल.

आठच गाणी आहेत, हेही या अल्बमचं मोठं बळ. संपतो तेव्हा आणखी हवं असतं.

बीच हाउसच्या 'वन्स ट्वाइस मेलडी'बद्दल मला नेमकं उलट म्हणावंसं वाटतं, आणि या जोडीवर माझं मनापासून प्रेम आहे म्हणूनच म्हणते. बाल्टिमोरचे व्हिक्टोरिया लेग्रँड आणि अ‍ॅलेक्स स्कॅली. २०१० च्या 'टीन ड्रीम'पासून त्यांनी क्वचितच पाऊल चुकवलंय. हा अल्बम नोव्हेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ असा चार भागांत आला. अठरा गाणी, जवळपास चौऱ्याऐंशी मिनिटं. पहिल्यांदाच निर्मितीही पूर्णपणे त्यांचीच, आणि तंतुवाद्यांचा खरा वाद्यवृंद बोलावलेला. 'पिंक फ्युनरल'मध्ये ती तंतुवाद्यं ज्या थाटात शिरतात, ते ऐकून आजही अंगावर काटा येतो. 'सुपरस्टार' तर त्यांनी केलेल्या सर्वोत्तम गाण्यांपैकी एक. ठेका साधा, सरळ, कुठेही न अडखळणारा, आणि त्यावर लेग्रँडचा तो भरदार खालचा आवाज सावकाश वर चढत जातो.

पण सलग ऐकायला चौऱ्याऐंशी मिनिटं फार होतात. दुसऱ्या भागाच्या शेवटी 'ओव्हर अँड ओव्हर' येतं, लांबलचक आणि भव्य. तिथे माझं मन भरतं, आणि पुढे अजून निम्म्याहून जास्त गाणी शिल्लक असतात. ड्रम मशीनच्या ठेक्यावरची मध्यम गतीची गाणी एकामागून एक आली की कोणतं कुठे संपलं याचं भान राहत नाही. चौथ्या भागातलं 'द बेल्स' म्हणून मला इतकं जवळचं वाटतं. तिथे लय सैल होते, गिटार ओघळत जाते, हवा बदलते. आता मी हा अल्बम चार भागांतच ऐकते, एका बैठकीत एक भाग. मुळात तो तसाच आला होता आणि तसाच तो जास्त खुलतो. पूर्ण अल्बम एका दमात ऐकायचा असेल तर बीच हाउसचा 'डिप्रेशन चेरी' निवडा. त्यातलं 'स्पेस साँग' रील्समधून तुमच्या कानावर आलंच असेल, पण तेवढ्या तुकड्यावर समाधान मानू नका.

अल्वेजचा 'ब्लू रेव्ह' ड्रीम पॉपच्या चौकटीत बसतो का, यावर वाद घालता येईल. अर्धा अल्बम तर चक्क धावतो. पण गेल्या काही महिन्यांत मी सगळ्यांत जास्त वेळा लावलेला अल्बम हाच, त्यामुळे तो वगळणं शक्य नाही. टोरोंटोचा बँड, गायिका मॉली रँकिन, कॅनडाच्या केप ब्रेटन बेटावरच्या प्रसिद्ध लोकसंगीत घराण्यातली. या अल्बमच्या वाटेत काय काय आडवं आलं ते ऐकून थक्क व्हायला होतं. रँकिनच्या घरी चोरी झाली, त्यात कच्च्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं गेली. दुसऱ्याच दिवशी तळघरात पाणी शिरून वाद्यं जेमतेम वाचली. पुढे महामारीत सीमा बंद झाल्या आणि नव्याने आलेल्या ड्रमवादक व बेसवादकांबरोबर तालीमच होईना. शेवटी निर्माता शॉन एव्हरेटने त्यांना स्टुडिओत आणलं आणि अख्खा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाजवायला लावला, तोही एकाच दिवसात दोनदा, दोन गाण्यांमध्ये जेमतेम काही सेकंदांची उसंत देऊन. त्यावर मग थर चढवले.

हे कळल्यावर त्या अल्बममधली धग कुठून आली ते लक्षात आलं. वरून कितीही घासलं-मोडलं असलं तरी खाली माणसं एकत्र वाजवताहेत. 'फार्मसिस्ट' दोन मिनिटांचं गाणं आहे, पण शेवटी गिटार जी किंचाळते त्याने सकाळची झोप उडते. 'बेलिंडा सेज'मध्ये शेवटाकडे सूर अचानक वरच्या पट्टीत जातो. जुन्या पॉप गाण्यांतली ही नेहमीची युक्ती, पण इथे नवं आयुष्य सुरू करायला निघालेल्या मुलीच्या तोंडी ती येते आणि घशात आवंढा येतो. 'व्हेलव्हेटीन'च्या अखेरीस रँकिनचा आवाज जिथे पोचतो तिथे मी अजूनही गाणं मागे घेऊन पुन्हा ऐकते. चौदा गाणी चाळीस मिनिटांच्या आत. 'व्हेरी ऑनलाइन गाय' तेवढं मला फारसं भावलं नाही, आवाजावर केलेली करामत तिथे चालीपेक्षा मोठी झाली आहे.

याच शॉन एव्हरेटने स्लोडाइव्हच्या त्या अल्बममधली आठापैकी सहा गाणी मिक्स केली आहेत. हे मला नंतर समजलं. दोन्हींमध्ये ड्रमचा आवाज मऊ धुक्यातही टोकदार राहतो, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मधल्या काळात कान ताळ्यावर आणायला मी वारंवार कॉक्टो ट्विन्स या स्कॉटिश बँडच्या 'हेवन ऑर लास व्हेगस'कडे गेले. १९९० चा अल्बम, फोर एडी लेबलवरचा त्यांचा शेवटचा. रॉबिन गथ्रीच्या गिटारबद्दल आणि एलिझाबेथ फ्रेझरच्या गळ्याबद्दल लोक भरभरून बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण एकदा फक्त सायमन रेमंडचा बेस ऐकण्यासाठी तो लावा. 'चेरी-कलर्ड फंक'मध्ये गिटार सगळीकडे पसरते तेव्हा गाण्याला दिशा बेस देतो. ड्रम तर मशीनचे आहेत, तरी एकही गाणं निर्जीव वाटत नाही. फ्रेझरला नुकतीच मुलगी झाली होती, रेमंडचे वडील त्याच सुमारास वारले. शेवटच्या गाण्यातला पियानो त्याने वडील गेल्यानंतर लगेचच बसवला. जन्म आणि मृत्यू दोन्ही त्या सदतीस-अडतीस मिनिटांत आहेत. पुढे याच रेमंडने गथ्रीबरोबर बेला युनियन हे लेबल काढलं, आणि युरोपात बीच हाउसचे अल्बम त्याच लेबलवर येतात.

सिगारेट्स आफ्टर सेक्स माझ्याकडून सुटले. एल पासोचा हा बँड महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ च्या लोलापलूझा या संगीत महोत्सवात वाजवून गेला, इथे त्यांचे चाहते प्रचंड आहेत, आणि ग्रेग गोन्झालेझचा हळवा आवाज मलाही आवडतो. २०१७ चा पहिला अल्बम आजही चांगला वाटतो. पण २०२४ चा 'एक्सेस' दुसऱ्या महिन्यातच थांबला. तीच गती, तोच ड्रम, तीच गिटार. त्यांच्याकडे ठेका आहे, पण तो कधी हलत नाही.

आपल्याकडचं म्हणाल तर कोलकात्याच्या पारेख अँड सिंगकडे वळा. निश्चय पारेख गातो आणि गिटार वाजवतो, जीवराज सिंग ड्रम सांभाळतो. दोघांचाच बँड, त्यातला एक ड्रमवादक, त्यामुळे माझ्या कसोटीला ते सहज उतरतात. २०१९ च्या 'सायन्स सिटी'त जीवराजचं वाजवणं इतकं नेटकं आहे की गोड चालीही चिकट होत नाहीत. त्याआधीचा 'ओशन' मात्र मला जास्त प्रिय आहे, त्यात एक कोवळीक आहे जी पुढच्या अल्बममध्ये थोडी झाकली गेली. पुण्याच्या इझी वाँडरलिंग्जचा २०१७ चा 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स' ड्रीम पॉपपेक्षा सोल आणि लोकसंगीताकडे झुकतो. त्याच्यात बासरी आहे, व्हायोलिन आहे, बरीच माणसं एकत्र गातात. रविवारी सकाळी घरातल्या सगळ्यांसमोर बिनदिक्कत लावता येईल असा तो या यादीतला एकमेव अल्बम, आणि आमच्या घरी तो लागतोही.

ऐकण्याच्या सोयीबद्दल थोडं. लोकलमध्ये किंवा बसमध्ये हे संगीत फुकट जातं, कारण गाडीची घरघर नेमका बेस खाऊन टाकते. कान पूर्ण झाकणारे हेडफोन असतील तर उत्तम, नाहीतर रात्री घर शांत झाल्यावर ऐका. अ‍ॅपमधला क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात विरघळवण्याची सोय) बंद ठेवा, 'ब्लू रेव्ह'मधले दोन गाण्यांतले आखूड थांबे त्याने बुजतात. इक्वलायझरमध्ये बेस वाढवायचा मोह टाळा. या अल्बममध्ये तो जिथे ठेवलाय तिथेच तो नीट ऐकू येतो, वाढवला की गाणाऱ्यांचे आवाज आणखी मागे जातात. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी 'हेवन ऑर लास व्हेगस' घ्यावा, मग 'ब्लू रेव्ह', आणि कान रुळल्यावर स्लोडाइव्ह.