अलकापुरीतली कॅनडा-फाइल सेवा: अनुभवपत्र चोख, रेझ्युमे तपासूनच घ्या

बडोद्यातली ही सेवा सॉफ्टवेअरवाल्यांची कॅनडाच्या इमिग्रेशनची फाइल तयार करून देते. अनुभवपत्राचा मसुदा, रेझ्युमे, लिंक्डइन प्रोफाइल आणि डिग्रीच्या मूल्यांकनाचा अर्ज, सगळं एकाच फीमध्ये.

अनुभवपत्राला तोड नाही. लेटरहेड, नोकरीचा काळ, आठवड्याचे तास, वार्षिक पगार, कामाचं वर्णन, वरिष्ठांची सही, काही म्हणता काही सुटत नाही. हुद्दा नेमणूकपत्रात असेल तोच ठेवतात, हे फार चांगलं. तो फुगवला आणि चुकीच्या माहितीचा ठपका बसला, तर ५ वर्षं कॅनडाचं दार बंद. तसाही कॅनडाच्या व्यवसाय-वर्गवारीचा कोड हुद्द्यावरून नव्हे, कामावरून ठरतो: प्रणालीचा आराखडा करणाऱ्याला २१२३१, मुख्यतः कोड लिहिणाऱ्याला २१२३२. इथे रोजचं काम खोदून खोदून विचारतात आणि मगच कोड ठरवतात.

रेझ्युमे मात्र परत पाठवावा असाच. नावाआधी ठळक 'इंजि.', खाली 'पी.इंज. समकक्ष'. आधार कशाचा, तर डिग्रीच्या मूल्यांकनाचा! कलाभवनातली (बडोद्याच्या म. स. विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग विभागातली) ४ वर्षांची बी.ई. तिकडच्या बॅचलर डिग्रीच्या तोडीची आहे, एवढंच ते मूल्यांकन सांगतं. पी.इंज. (प्रोफेशनल इंजिनिअर) हा इंजिनिअरचा परवाना आहे आणि तो त्या त्या प्रांताची संस्था देते, ऑंटारिओत पीईओ (प्रोफेशनल इंजिनिअर्स ऑंटारिओ). परवाना नसताना ती अक्षरं लावणं तिथे गुन्हा आहे, आणि 'समकक्ष' जोडल्याने सुटका होत नाही, कारण परवाना असल्याचा समज करून देणारी बिरुदंही त्याच कलमात येतात. परवानाधारकांची यादी ऑनलाइन खुली असते, नाव पडताळायला मिनिटभर पुरतं. आपल्याकडे 'आर्किटेक्ट' या नावाला १९७२च्या कायद्याचं संरक्षण आहे, 'इंजिनिअर'ला तसं नाही. म्हणून हा मजकूर इथे कुणाला खटकत नाही.

प्रांताप्रांतातला फरकही यांच्या मसुद्यात दिसत नाही. अल्बर्टाने २०२३च्या अखेरीस कायदा बदलून 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' हे नाव परवान्याविना वापरायला मोकळं केलं. ऑंटारिओत तशी सूट नाही, तरी ऑंटारिओतलं टोरांटो आणि अल्बर्टातलं कॅलगरी दोन्हींसाठी एकच प्रत हाती देतात.

फीमध्ये एक दुरुस्ती धरलेली असते, ती इथेच वापरा. नावाभोवतीची बिरुदं काढायला लावा. रेझ्युमेच्या वरच्या ओळीत आणि लिंक्डइनच्या मथळ्यात 'सॉफ्टवेअर डेव्हलपर' लिहून घ्या. जुन्या कंपनीने 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' हा हुद्दा दिला असेल, तर तो त्या कंपनीच्या नावापुढे, तारखांसह, आहे तसाच राहू द्या.

अनुभवपत्राला ५ पैकी ४.५, रेझ्युमेला २.