अ‍ॅक्मे थंडरर: बुचाच्या गोळीची शिट्टी आजही घ्यावी का?

घ्यावी, पण एकटी नाही. निकेलचा मुलामा दिलेली ही पितळी शिट्टी बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांनी १८८४ मध्ये आणली. सात वर्षांनी, १८९१ मध्ये, फुटबॉलचा रेफरी बाजूच्या रेषेवरून थेट मैदानात उतरला आणि दोन्ही संघांचे अंपायर लाइन्समन, म्हणजे रेषेवरचे मदतनीस, झाले. पळता पळता २२ खेळाडूंना थांबवायचं, तर असाच दणदणीत आवाज हवा.

शिट्टीचा जीव आतल्या बुचाच्या गोळीत आहे. फुंकेनं गोळी गरगर फिरते, प्रत्येक फेरीत भोकासमोर येऊन हवा अडवते आणि तो ओळखीचा 'टर्रर्र' उमटतो. फुंकेचा जोर बदलला की आवाजही बदलतो, हीच हिची खरी ताकद. मधल्या रेषेजवळच्या साध्या फाउलला छोटी, तुटक फुंक पुरते. पेनल्टीला लांब आणि कडक लागते. रेफरीनं हात दाखवण्याआधीच खेळाडूंना कळतं, प्रकरण किती गंभीर आहे ते.

शिट्टी दातांत हलकेच धरा, जिभेचं टोक तिच्या तोंडाच्या फटीवर टेकवा, पोटातून हवेचा दाब येऊ द्या आणि 'टू' म्हणताना हलते तशी जीभ झटकन मागे घ्या. गाल फुगवून फुंकलं तर सुरुवात मवाळ होते आणि खेळ सुरूच राहतो. अंगात आल्यासारखं फुंकलं तर गोळी अडकते आणि नुसती हवा निघते.

दुसरा शत्रू म्हणजे लाळ. तिनं बूच भिजून जड होतं, कडाक्याच्या थंडीत तर गोळी जागीच गोठते. सामना संपला की कोमट पाण्यातून काढा, दोन-चार झटके द्या आणि फट खाली करून वाळवा. पिन घालून गोळी टोकरू नका, बुचाचे कण सुटतात. थंडीत पितळ ओठांना चटका देतं, म्हणून शिट्टीच्या तोंडावर रबरी टोपण घाला. सैल झालं की मात्र लगेच बदला.

खिशात दुसरी शिट्टी बिनगोळीची असू द्या. बास्केटबॉलचे कॅनेडियन पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची शिट्टी ऐन सामन्यात अडकली, त्यातून १९८७ मध्ये फॉक्स ४० आली. तीन कप्पे, हलणारा भाग एकही नाही. चिंब पावसातही वाजते. आवाज बोचरा आहे, पण फुंकेतले बारकावे तिच्यात तितके उतरत नाहीत. शेजारच्या मैदानावरही सामना चालू असेल, तर तिथल्यापेक्षा वेगळ्या आवाजाची शिट्टी वापरा. दुसऱ्याच शिट्टीनं खेळात व्यत्यय आला, तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यावा लागतो, म्हणजे रेफरी चेंडू जमिनीवर सोडून खेळ पुन्हा सुरू करतो.

गळ्यातल्या लांब दोरीपेक्षा बोटात किंवा मनगटात अडकवायचा पट्टा बरा. शिट्टी तोंडात धरून पळू नका. हातातून तोंडाकडे नेताना अर्धा क्षण मिळतो, तेवढ्यात अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे फाउल होऊनही खेळ चालू ठेवण्यातला फायदा, दिसतो. घाईची शिट्टी महागात पडते. १५ जुलै १९३० रोजी माँटेव्हिडिओत अर्जेंटिना-फ्रान्स विश्वचषक सामन्यात ब्राझीलचे रेफरी अल्मेडा रेगो यांनी ९०व्या ऐवजी ८४व्या मिनिटालाच शेवटची शिट्टी दिली. फ्रान्सचा हल्ला ऐन रंगात होता. चूक लक्षात आल्यावर खेळाडूंना परत बोलावून उरलेली मिनिटं खेळवली, पण तो हल्ला गेला तो गेलाच.