अंबडचे कीपॅडवाले काका: बेंच पॉवर सप्लाय बनवणाऱ्यांनी इथे एकदा जावंच

नाशकात छोटी बेंचवरची उपकरणं बनवणारे बरेच जण आहेत, कुणी डीसी पॉवर सप्लाय, कुणी कॉइल टेस्टर, कुणी टेम्परेचर कंट्रोलर, आणि सगळ्यांची तक्रार एकच, आतलं सर्किट ठणठणीत असतं आणि माल परत येतो तो बटण चालत नाही म्हणून. अंबड एमआयडीसीत आतल्या गल्लीत मेम्ब्रेन कीपॅड, म्हणजे उपकरणावर चिकटवायची चपटी बटणांची पाटी, बनवणारं एका काकांचं छोटं वर्कशॉप आहे, त्यांच्याबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं. नाव टाकत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही. आम्ही ० ते ३० व्होल्टचा बेंच पॉवर सप्लाय, म्हणजे टेबलावर ठेवून हवं ते व्होल्टेज देणारं उपकरण, बनवतो आणि त्याचे कीपॅड आता यांच्याकडूनच घेतो.

इथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काका रेट सांगायच्या आधी प्रश्न विचारतात. "साहेब, हे वापरणार कोण? टेबलावर सोल्डरिंग चालतं का? पुसायला काय वापरतात, आयपीए अल्कोहोल का थिनर? पॅनल कशाचं आहे?" बाकी ठिकाणी साइज आणि बटणं किती एवढंच विचारतात आणि कोटेशन पाठवून देतात. पण कीपॅड किती टिकणार हे याच उत्तरांवर ठरतं हो. बेंचवर काम करणाऱ्या टेक्निशियनच्या एका हातात मीटरचा टोकदार प्रोब असतो, तो बोटाने कमी आणि प्रोबच्या टोकानेच बटण जास्त दाबतो, वर सोल्डरिंगच्या फ्लक्सने चिकट झालेले हात, आणि संध्याकाळी पुसताना जे हाताशी येईल ते.

वरचा जो छापील पडदा असतो, ज्याला ओव्हरले म्हणतात, तो बरेच जण पॉलीकार्बोनेटचा देतात कारण छापायला आणि बटणाचा उठाव काढायला सोपा पडतो. दिसतोही छान. पण सतत दाबून दाबून उठावाच्या कडेला तडा जातो आणि थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागला की पांढरा पडून चिरतो. काकांनी सरळ सांगितलं की तुमच्या कामाला पॉलिएस्टरच घ्या, ओरखड्यांपासून वाचवणारा हार्डकोट असलेला टेक्स्चरवाला, साधारण ०.२ मिमी जाडीचा. पॉलिएस्टर दहा लाखांच्या वर दाबण्या सहन करतो, पॉलीकार्बोनेट त्याच्या जवळपासही जात नाही. छपाई मागच्या बाजूने, म्हणजे शाई फिल्मच्या मागे राहते आणि बोटाने घासून आकडे जायचा प्रश्नच येत नाही. आमचे जुने कीपॅड दुसऱ्या एका व्हेंडरचे होते, त्यात "आउटपुट" बटणावरची अक्षरंच पुसली गेली होती, कारण छपाई वरून होती.

आता टेलबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण माझ्या मते कीपॅड मरतो तो बहुतेक वेळा टेलमध्ये, बटणात नाही. टेल म्हणजे ती चपटी पट्टी जी पॅनलच्या फटीतून आत जाऊन बोर्डाला लागते. तिच्यावर चांदीच्या शाईने ट्रॅक छापलेले असतात आणि ही शाई तांब्यासारखी वाकत नाही. असेंब्लीवाल्या पोरांनी ती पट्टी घडी घालून नखाने दाबली की ट्रॅक तुटलाच, आणि बेकार गोष्ट ही की लगेच तुटत नाही, केसासारखी चीर पडते, टेस्टिंगला पास होतं आणि कस्टमरकडे जाऊन उन्हाळ्यात कधीतरी बटणांची एक अख्खी रांग बंद पडते. काका ड्रॉइंग बघून पहिलं हेच तपासतात की टेल कुठून निघते आणि बोर्डावरचा कनेक्टर कुठे आहे, मध्ये वळण किती. निदान ३ मिमीची गोलाई ठेवा म्हणतात, आणि पॅनलमधली फट कुठल्याही बटणाच्या खाली येता कामा नये, नाहीतर तिथे खालून आधार राहत नाही आणि ते बटण कायम मऊ लागतं. आमच्या ड्रॉइंगमध्ये टेल जिथे होती तिथून त्यांनी ती बाजूला घ्यायला लावली आणि त्यासाठी जास्तीचे पैसे लावले नाहीत. टेलवर सोल्डरिंग तर करायचंच नाही, पॉलिएस्टर वितळतो, त्यासाठी २.५४ मिमी पिचचा (पिनांमधलं अंतर) क्रिंप, म्हणजे दाबून बसवायचा, कनेक्टर ते स्वतः लावून देतात आणि टोकाला चांदीवर कार्बनचा थर देतात.

तो कार्बन का, तर पावसाळा. चांदीच्या दोन ट्रॅकमध्ये डीसी व्होल्टेज असेल आणि ओलावा आत शिरला तर चांदी एका ट्रॅकवरून दुसऱ्याकडे सरकत जाते आणि बारीक फांद्यांसारखी वाढून शॉर्ट करते. ज्यांचा माल कोकणात जातो त्यांना हे विचारा, बटण न दाबता दाबल्यासारखं होतं ती भानगड बऱ्याचदा हीच असते. म्हणून टोकाची उघडी चांदी कार्बनने झाकायची, ट्रॅकमध्ये अंतर जास्त ठेवायचं आणि वरून इन्सुलेशनची शाई मारायची, हे सगळं ते न सांगता करतात.

बटणाला स्टीलचे डोम, म्हणजे छोट्या घुमटासारख्या चकत्या, आहेत, दाबल्यावर टिक असं स्पष्ट लागतं. ताकद किती हवी ते डोमचे सॅम्पल हातात देऊन ठरवू देतात, आम्ही ३०० ग्रॅमच्या आसपासचे घेतले, त्याहून हलके घेतले तर बेंचवर चुकून धक्का लागून व्होल्टेज बदलायची भीती. बटणांच्या खालच्या पोकळ्या बारीक वाटेने एकमेकींना जोडलेल्या असतात म्हणजे हवा कोंडत नाही, हे स्वस्तातल्या कीपॅडमध्ये नसतं आणि मग गरमीत बटणं फुगतात. आउटपुट चालू-बंद करायचं बटण आम्ही मॅट्रिक्समध्ये (बाकी बटणांच्या सामाईक आडव्या-उभ्या लाइनच्या जाळ्यात) न टाकता वेगळ्या दोन लाइनवर घेतलंय, एखादी रांग गेली तरी आउटपुट बंद करता आलं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

चिकटवायला थ्रीएम कंपनीचा ४६८एमपी गम देतात. आमचं पॅनल पावडर कोटिंगचं आहे, सातपूरला करून घेतो, आणि कोटिंग खरखरीत असेल तर साधा गम धरत नाही, तेव्हा त्यांनी पॅनलचा तुकडा मागवून स्वतः चिकटवून बघितलं मगच हो म्हणाले. आणि एक, डिसेंबर-जानेवारीत सकाळी चिकटवू नका. निफाडकडची थंडी माहितीये ना, पारा १० च्या खाली गेला की हा गम पृष्ठभागावर नीट पसरून धरत नाही, पॅनल आधी खोलीत गरम होऊ द्या, आयपीएने पुसा, दाबून लावा. पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, त्यामुळे आज लावून उद्या कडा उचलून बघू नये. कोपरे गोल ठेवतात हेही बरं, टोकदार कोपराच आधी सुटतो.

आता जे आवडलं नाही ते. फोन दुपारी उचलतच नाहीत. रंगाचं अप्रूव्हल व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर मागतात, ते अजिबात देऊ नका, फोटोत राखाडी दिसला तो प्रत्यक्षात निळसर निघाला, नशीब नमुन्याचा प्रूफच होता. आर्टवर्क बघणाऱ्या ताई मात्र फार व्यवस्थित आहेत, कोरलड्रॉची फाइल नेली तर समोर बसून करून देतात, शेड कार्ड घेऊन प्रत्यक्ष जा. डायचा, म्हणजे कापायच्या साच्याचा, खर्च वेगळा लागतो आणि ५० नगांच्या ऑर्डरला तो चांगलाच जाणवतो, पण डाय आणि छपाईची स्क्रीन लेबल लावून ठेवतात आणि रिपीट ऑर्डरला परत चार्ज करत नाहीत. शील्डचा थर आपण मागितला नाही तर देत नाहीत, हे त्यांनी स्वतःहून सांगायला हवं असं मला वाटतं, कारण कोरड्या थंडीत स्वेटर घातलेला माणूस बटणाला हात लावतो आणि स्टॅटिकच्या झटक्याने कंट्रोलर रिसेट होतो, शील्ड असेल आणि ते चॅसिसला नीट जोडलेलं असेल तर तो झटका बाहेरच्या बाहेर जातो. ऑर्डरमध्ये शील्ड आणि त्याची वेगळी पट्टी लिहूनच द्या.

डिस्प्लेच्या खिडकीचं काम त्यांचं तितकं चांगलं नाही. दोन लॉटमध्ये खिडकी एका बाजूला किंचित सरकलेली होती, एलसीडीची काळी कड दिसत होती. त्यांनी बदलून दिले, कुरकुर न करता, पण वेळ गेला. आता आम्ही ड्रॉइंगमध्ये खिडकीभोवतीची काळी चौकट १ मिमी जास्त घेतो.