एकच सेटिंग की प्रत्येक सर्व्हरला जुळवलेलं?

दोन वेगळ्या सर्व्हरवर पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेग मोजायचा, तर आधी हे ठरवा.

सारखं सेटिंग एकच भाग बदलला असेल तेव्हा योग्य, उदाहरणार्थ फक्त डिस्क. पण शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसने स्वतःच्या कॅशसाठी राखलेली मेमरी) मूळच्या १२८ एमबीवर सोडले, तर मोठ्या रॅमचा फायदा फक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून मिळतो आणि महागडं मशीन विनाकारण मागे पडतं.

खरेदी ठरवायची असेल तर जुळवलेलंच सेटिंग घ्यावं. शेअर्ड बफर्स रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरू करा, दोन्हीकडे सारखाच वेळ द्या, प्रत्येक बदल लिहून ठेवा.

पद्धत कुठलीही असो, घात होतो तो एफसिंकमध्ये, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर लिहून घेण्याच्या आदेशात. आधी त्याचा वेग मोजणारं पीजी-टेस्ट-एफसिंक हे साधन चालवा. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, एफसिंकही साधारण तेवढेच व्हायला हवेत. तिथे सेकंदाला हजारो एफसिंक दिसले तर डेटा अजून कॅशमध्येच आहे. त्या कॅशला बॅटरी नसेल तर तो वेग खोटाच, वीज गेली की डेटाही जाईल.

पीजीबेंच या पोस्टग्रेसच्या चाचणी साधनात स्केल (चाचणीच्या डेटाचा आकार) १०० म्हणजे जेमतेम दीड जीबी. तो रॅममध्येच मावतो, डिस्कची परीक्षा होतच नाही. चेकपॉइंट, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याचा टप्पा, मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांनी येतो, म्हणून एका मिनिटाची चाचणी फसवी. निदान अर्धा तास चालवा, तीनदा, आणि मधला आकडा धरा.